चॅप्टरवर दाबलं की भलतंच वाजतं? खूण हलवण्याआधी चूक मोजा

आत्याचा फोन आला. "अरे, उत्तररंगावर दाबलं तरी पूर्वरंगच चाललाय की. आणि आरतीवर दाबलं तर आरती निम्मी होऊन गेलेली." आजोबांच्या कीर्तनांच्या अकरा कॅसेट मी गेल्या वर्षी संगणकावर उतरवल्या होत्या. सगळ्या सी-९०, म्हणजे एका बाजूला ४५ मिनिटं. प्रत्येक कीर्तनाची एक लांबलचक फाइल आणि तिच्यात पाच चॅप्टर, म्हणजे दाबल्यावर थेट त्या भागावर नेणाऱ्या खुणा: नमन, पूर्वरंग, मध्यंतर, उत्तररंग, भैरवी-आरती. माझ्या लॅपटॉपवर सगळं जिथल्या तिथे होतं, आत्याच्या फोनवर नव्हतं.

मग मी जे केलं ते करू नका. उत्तररंगाची खूण अंदाजाने वीस सेकंद पुढे सरकवली, फाइल पुन्हा पाठवली. आत्याकडे उत्तररंग जागेवर आला, पण चुलतभावाच्या फोनवर आख्यानाची सुरुवातच गायब झाली. खूण मुळात बरोबर होती, मीच ती चुकीची करून ठेवली.

तेव्हापासून नियम एकच: खूण हलवायच्या आधी चूक मोजायची. चूक किती आहे यापेक्षा ती कशी वागते, ते बघायचं. सगळीकडे सारखी, एका जागेपासून पुढे, हळूहळू वाढणारी की कधी मागे कधी पुढे? रोगाची अर्धी ओळख तिथेच पटते.

मोजायचं कसं

एक कागद घ्या, तीन रकाने आखा. पहिल्यात खूण फाइलमध्ये कितव्या सेकंदाला नोंदली आहे ते. एफएफप्रोबला (ध्वनी-चित्रफितींवर काम करणाऱ्या एफएफएमपेगचा जोडीदार, कमांड लिहून चालवायचा प्रोग्राम) चॅप्टर दाखवायला सांगितलं की तो आकडे ओळीने देतो. कमांड लिहायचा कंटाळा असेल तर मीडियाइन्फो या फाइलची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये फाइल उघडा, खाली 'मेनू' या शीर्षकाखाली तेच दिसतं. दुसऱ्या रकान्यात तो भाग खरोखर कितव्या सेकंदाला सुरू होतो ते. यासाठी तयार झालेली फाइल ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्राममध्ये उघडा. ऑडॅसिटी फाइल आत घेताना ती अथपासून इतिपर्यंत उलगडते, त्यामुळे तिथलं घड्याळ खरं. तिसऱ्या रकान्यात, ज्या फोनवर किंवा प्लेअरवर तक्रार आहे तिथे चॅप्टर दाबल्यावर प्रत्यक्ष काय ऐकू येतं ते शब्दांत लिहा, आणि ते शब्द ऑडॅसिटीत कुठे येतात ते शोधून आकडा टाका.

पहिला आणि दुसरा रकाना जुळला, पण तिसरा चुकला तर खूण ठीक आहे, प्लेअरची उडी चुकते आहे. पहिले दोनच जुळत नसतील तर खूण चुकली. या दोन दुखण्यांची औषधं अगदी वेगळी आहेत आणि लोक सर्रास एकाचं औषध दुसऱ्याला देतात.

खूण बरोबर, उडी चुकते

आत्याची फाइल या प्रकारातली निघाली. चूक कधी अकरा सेकंद मागे, कधी सात सेकंद पुढे. असा बेभरवशाचा नमुना दिसला आणि फाइल एमपीथ्री असली, की माझा पहिला संशय व्हीबीआरवर, म्हणजे बदलत्या बिटरेटवर. (बिटरेट म्हणजे आवाजाच्या एका सेकंदाला फाइलमध्ये मिळणारी जागा.)

बदलत्या बिटरेटच्या फाइलमध्ये सोप्या आवाजाला कमी जागा मिळते, गुंतागुंतीच्या आवाजाला जास्त. कीर्तनात तर हे टोकाला जातं. बुवा एकटे शांतपणे निरूपण करत असतात तेव्हा फाइल सडसडीत असते. झांजा आणि तबला सुरू झाला की ती फुगते. आता प्लेअरला ४७व्या मिनिटावर उडी मारायची आहे. ४७वं मिनिट फाइलच्या कितव्या बाइटवर आहे हे त्याला कुठून कळणार? सुरुवातीपासून मोजत जाणं हा खरा उपाय, पण त्याला वेळ लागतो. म्हणून तो फाइलच्या आरंभी असलेल्या झिंग नावाच्या हेडरमधला तक्ता बघतो. त्या तक्त्यात फक्त १०० नोंदी असतात, आणि प्रत्येक नोंद एका बाइटची. म्हणजे अख्ख्या फाइलचे २५६ भाग कल्पून "अमुक टक्के वेळ झाला की तमुक भागात जा" एवढंच तो सांगू शकतो. नव्वद मिनिटं म्हणजे ५,४०० सेकंद. त्यांना १००ने भागा, दोन नोंदींमध्ये ५४ सेकंद. २५६ने भागा, एक भाग सरासरी २१ सेकंदांचा. या जाळीतून उत्तररंगाचं पहिलं वाक्य नेमकं पकडायचं म्हणजे पोहऱ्याने सुई काढण्यासारखं. काही प्लेअर पूर्ण फाइल आधी तपासून घेतात, ते अचूक जातात. काही तक्त्यावर भागवतात. म्हणून तर एकच फाइल लॅपटॉपवर शहाणी आणि फोनवर वेडी.

यात आणखी एक गोम आहे. उडी चुकली तरी प्लेअरच्या पडद्यावर वेळ मात्र बरोबर दिसते, कारण तीही त्याच अंदाजातून काढलेली असते. त्यामुळे "घड्याळ तर ४७:१० दाखवतंय, मग खूणच चुकली असणार" असा निष्कर्ष निघतो. मीही तोच काढला होता.

उपाय दोन. एमपीथ्रीच हवं असेल तर स्थिर बिटरेट ठेवा. एका माणसाच्या बोलण्याला मोनोमध्ये ६४ केबीपीएस पुरतं. पेटी-तबला असेल तर मी ९६ ठेवतो. ऑडॅसिटीतून एमपीथ्री काढताना 'प्रीसेट' हा प्रकार निवडला तर ३२० केबीपीएसचा सगळ्यात वरचा सोडून बाकी सगळे प्रीसेट बदलत्या बिटरेटचे आहेत, तेव्हा 'कॉन्स्टंट' निवडा. दुसरा उपाय, जो मला जास्त आवडतो: एमपीथ्री सोडा, एएसी आवाज असलेली एमफोरए किंवा एमफोरबी करा. त्या प्रकारच्या फाइलमध्ये आवाजाचा प्रत्येक तुकडा नेमका कुठे आहे याची पूर्ण यादीच असते, अंदाजाचं कामच उरत नाही. एमफोरबी म्हणजे आतून तीच फाइल. आडनाव, म्हणजे फाइलच्या नावातला टिंबानंतरचा भाग, बदललं की बरेच प्लेअर तिला ऑडिओबुक मानतात आणि कुठे थांबलात ते लक्षात ठेवतात. मात्र मूळ, न दाबलेल्या डब्ल्यूएव्ही फाइलपासून करा. एमपीथ्रीवरून पुन्हा बनवली तर आधीच कॅसेटची खरखर, त्यात आणखी भर.

व्हिडिओत हेच दुखणं वेगळ्या रूपात येतं. तिथे चूक बहुधा एकाच दिशेला असते: उडी खुणेच्या आधी पडते. कारण व्हिडिओतलं प्रत्येक चित्र पूर्ण साठवलेलं नसतं. मधूनमधून एक पूर्ण चित्र, ज्याला कीफ्रेम म्हणतात, आणि त्यापुढे फक्त फरक. पटकन उडी मारणारा प्लेअर खुणेच्या आधीच्या कीफ्रेमवर जाऊन बसतो. व्हिडिओ दाबून साठवणाऱ्या एक्स२६४ या एन्कोडरची मूळ मांडणी दोन कीफ्रेममध्ये जास्तीत जास्त २५० फ्रेमचं अंतर सोडते. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर ते झाले दहा सेकंद. आमच्या गावच्या व्याख्यानमालेचा व्हिडिओ असाच होता. 'प्रश्नोत्तरे' दाबलं की आधीच्या आभारप्रदर्शनाचे सहा-सात सेकंद दर वेळी बघावे लागत. स्टेज स्थिर, कॅमेरा स्थिर, एकच वक्ता: मधे दृश्य बदलतच नाही, त्यामुळे एन्कोडरला लवकर कीफ्रेम टाकायचं कारणच मिळत नाही. यावर एफएफएमपेगमध्ये सरळ सोय आहे. 'फोर्स की फ्रेम्स' या पर्यायाला 'चॅप्टर्स' असं मूल्य दिलं की प्रत्येक चॅप्टरच्या आरंभी कीफ्रेम पडते. व्हिडिओ नव्याने एन्कोड करावा लागतो एवढाच त्रास. नुसतं कॉपी करून हे होत नाही.

खूणच चुकली आहे

इथे दुसरा रकाना पहिल्यातून वजा करा आणि फरक ओळीने वाचा.

सगळे फरक सारखे असतील, म्हणजे १२, १२, १२, १२, तर खुणा केल्यावर कुणीतरी सुरुवातीला काहीतरी जोडलं किंवा कापलं. बहुतेक वेळा शीर्षकसंगीत. सगळ्या आकड्यांत १२ मिळवा-वजा करा, संपलं. पॉडकास्टमध्ये वितरक मागाहून जाहिरात घालत असेल तर हाच फरक ऐकणाऱ्यागणिक बदलतो. ते फाइलमधून दुरुस्त होत नाही.

माझ्या तिसऱ्या कॅसेटचे फरक होते ०, ०, ०, ३८, ३८. बघितल्याबरोबर उलगडा झाला. ए बाजू संपून बी बाजू सुरू होते तिथली नुसती सरसर मी कापून टाकली होती, लेबलं (ऑडॅसिटीतल्या खुणा) लावून झाल्यावर. ऑडॅसिटीत आवाजाचा ट्रॅक आणि लेबलांचा ट्रॅक वेगळे असतात. आवाज कापला म्हणून लेबलं आपोआप सरकत नाहीत. ट्रॅक्स मेनूतलं सिंक-लॉक चालू असलं तरच ती आवाजाबरोबर हलतात. आधी काटछाट, मग लेबलं, हा क्रम पाळला तर ही भानगडच नाही. पण कीर्तनात मागून कुणाचं पोर रडलेलं शेवटच्या ऐकण्यात सापडतं आणि हात शिवशिवतात, म्हणून सिंक-लॉक चालूच ठेवा. घोळ झालाच असेल तर लेबलं टेक्स्ट फाइलमध्ये काढा, कापलेल्या जागेनंतरच्या ओळींतून तेवढे सेकंद वजा करा.

तिसरा नमुना हळूहळू वाढणारा: उणे १, उणे ३, उणे ५, उणे ७. हा व्हिडिओवाल्यांचा खास. एडिटिंगच्या टाइमलाइनवर ३० फ्रेमच्या हिशोबाने टाइमकोड (तास, मिनिटं, सेकंद आणि फ्रेम अशी वेळेची नोंद) मोजला जातो, पण व्हिडिओ प्रत्यक्षात सेकंदाला २९.९७ फ्रेमचा असतो. टाइमकोड घड्याळाच्या मागे पडत जातो, तासाला ३.६ सेकंद. दोन तासांच्या व्याख्यानात शेवटची खूण सात सेकंद लवकर येते. प्रत्येक आकड्याला १.००१ने गुणा, सगळ्या जागेवर येतात. टाइमकोडच्या बाबतीत आणखी एक बारीक गोष्ट: १२ मिनिटं ३४ सेकंदांपुढचा शेवटचा १५ हा आकडा फ्रेमचा असतो, सेकंदाच्या शतांशाचा नाही. २५ फ्रेमच्या व्हिडिओत तो ०.६ सेकंद होतो. त्याआधीच्या अपूर्णविरामाच्या (:) जागी टिंब देऊन टाकलं तर चूक एका सेकंदाच्या आतली होते आणि कुणाच्या लक्षात येत नाही, फक्त खूण किंचित लवकर पडते आणि आधीच्या वाक्याचं शेपूट ऐकू येत राहतं.

चॅप्टर दिसतच नाहीत, किंवा सगळे सुरुवातीला गोळा झालेत

एफएफएमपेगला चॅप्टर द्यायचे तर एक साधी टेक्स्ट फाइल लिहावी लागते. पहिली ओळ अर्धविराम आणि त्याला चिकटून रोमन कॅपिटलमध्ये एफएफमेटाडेटा, शेवटी १. मग प्रत्येक चॅप्टरला चौकटी कंसात चॅप्टर हा शब्द आणि खाली टाइमबेस, स्टार्ट, एंड, टायटल, याच क्रमाने. टाइमबेस १/१००० दिला की पुढचे आकडे मिलिसेकंद मानले जातात. ही ओळ विसरलात तर एफएफएमपेग ते आकडे नॅनोसेकंद समजतो. मग १२ मिनिटं ३४ सेकंदांची ७,५४,००० ही संख्या एका मिलिसेकंदाच्याही आत बसते आणि पाचही चॅप्टर शून्यावर एकमेकांच्या उरावर. (फाइलमध्ये ही संख्या स्वल्पविराम न देता लिहायची, हे ओघानेच आलं.)

मराठीत लिहिणाऱ्यांना याचा एक खास सापळा आहे. फोनवर किंवा संगणकावर मराठी कीबोर्ड चालू असताना नाव टाइप केलं आणि त्याच ओघात आकडेही देवनागरी उमटले, तर एफएफएमपेगला ते आकडे म्हणून वाचताच येत नाहीत. तो तक्रारीची एक ओळ छापतो, आणि ती शंभर ओळींच्या गर्दीत वाहून जाते. टायटल खुशाल देवनागरीत लिहा, पण स्टार्ट आणि एंडचे आकडे इंग्रजीच हवेत. ऑडॅसिटीची लेबलं थेट उचलून आणत असाल तर हेही बघा: एका बिंदूवर टाकलेल्या लेबलाचा आरंभ आणि शेवट एकच असतो. तसंच उतरवलं तर शून्य लांबीचा चॅप्टर तयार होतो. शेवट म्हणून पुढच्या लेबलाचा आरंभ लिहा.

"मी दुरुस्त केलं तरी जुनेच चॅप्टर येतात" ही तक्रार मी स्वतःशीच एका रात्री साडेअकरापर्यंत करत बसलो होतो. कारण फार साधं. कालचीच, आधीचे चॅप्टर असलेली फाइल मी पुन्हा आत घातली होती. काही सांगितलं नाही तर एफएफएमपेग ज्या पहिल्या फाइलमध्ये चॅप्टर सापडतील तिथले उचलतो, म्हणजे कालचे. 'मॅप मेटाडेटा' दिल्याने हे बदलत नाही. 'मॅप चॅप्टर्स' हा वेगळा पर्याय आहे (दोन शब्दांमध्ये अंडरस्कोअर) आणि त्याला दुसऱ्या फाइलचा, म्हणजे नवे चॅप्टर लिहिलेल्या टेक्स्ट फाइलचा, क्रमांक १ द्यावा लागतो; मोजणी शून्यापासून. उणे एक दिला तर चॅप्टर अजिबात घेतले जात नाहीत, जुने पुसायला तो उपयोगी.

नावांची वाट लागते

नाव बिघडतं तेव्हा ते कसं बिघडलं हे बघा. चौकोनी डबे दिसले तर फाइल चांगली आहे, त्या यंत्रात देवनागरी फॉन्ट नाही. डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए आणि मधूनमधून जपानी येनचं चिन्ह दिसलं, तर मजकूर शाबूत आहे, फक्त यूटीएफ-८ लिहिलेलं कुणीतरी दुसऱ्या सांकेतिक पद्धतीने वाचतंय. (दीर्घ ई, उकार, मात्रा, हलन्त यांच्या जागी येन येतं, कीर्तन या शब्दात म्हणूनच ते दोनदा दिसतं.) आणि नुसती प्रश्नचिन्हं दिसली तर मात्र नाव गेलं. ते परत टाइप करण्यावाचून गत्यंतर नाही.

एमपीथ्रीत चॅप्टर ठेवायची रीत २००५ साली आयडीथ्री या टॅगपद्धतीत (फाइलच्या आतच नावं-माहिती लिहायची पद्धत) आली. आयडीथ्रीच्या २.३ आवृत्तीत देवनागरी लिहायची तर यूटीएफ-१६ लागतं. यूटीएफ-८ फक्त २.४मध्ये चालतं. एफएफएमपेग काही न सांगता २.४ लिहितो. एखादा जुना प्लेअर तिथे अडखळत असेल तर आयडीथ्री आवृत्ती ३ करून बघा, बऱ्याचदा तेवढ्याने भागतं.

विंडोजवर टेक्स्ट फाइल कशी जपली यावरही बरंच ठरतं. 'बॉम'सह यूटीएफ-८मध्ये जपलेल्या फाइलच्या आरंभी तीन अदृश्य बाइट येतात. एफएफएमपेगला पहिली ओळ अक्षरशः तशीच हवी असते, त्यामुळे तो फाइल ओळखतच नाही. जुनं नोटपॅड यूटीएफ-८ म्हटलं की गुपचूप बॉम लावत असे. एमकेव्ही प्रकारच्या व्हिडिओ फाइली बनवणाऱ्या एमकेव्हीमर्जचं मात्र उलट. त्याला साध्या चॅप्टर फाइलमध्ये बॉम दिसला नाही तर तो ती संगणकाच्या मूळ सांकेतिक पद्धतीत आहे असं धरून चालतो, आणि देवनागरीचा चुथडा होतो. तिथे बॉम ठेवा, नाहीतर चॅप्टर कॅरसेट यूटीएफ-८ आहे असं त्याला सांगा. एमकेव्हीटूलनिक्सच्या चॅप्टर एडिटरमध्ये हाताने नावं टाइप केली तर हा सगळाच वाद टळतो.

एमपीफोर आणि एमफोरए फाइलमध्ये एफएफएमपेग चॅप्टर दोन ठिकाणी लिहितो: एक क्विकटाइम पद्धतीचा टेक्स्ट ट्रॅक, दुसरी नीरो पद्धतीची यादी. नीरोच्या यादीत नावाची लांबी एका बाइटमध्ये मोजलेली असते, म्हणजे जास्तीत जास्त २५५ बाइट. इंग्रजी नावाला ते भरपूर झाले. पण देवनागरीत प्रत्येक अक्षर, प्रत्येक मात्रा, प्रत्येक अनुस्वार आणि हलन्त तीन-तीन बाइट खातो. 'पूर्वरंग' हा एवढासा शब्द २४ बाइटचा. २५५मध्ये अशी ८५ चिन्हं बसतात. मी एका चॅप्टरच्या नावात अभंगाचं अख्खं पहिलं कडवं घातलं होतं. एका प्लेअरवर ते पूर्ण दिसे, दुसऱ्यावर शेवट तुटून. दोघं वेगवेगळ्या यादीतून वाचत होते. त्याच यादीची मोजणीही एका बाइटची असल्यामुळे २५५च्या पुढचे चॅप्टर तिच्यात मावत नाहीत, पण एवढे चॅप्टर ज्याला लागतात त्याने फाइलच दोन कराव्यात.

उरलेलं

व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवलात तर तो पुन्हा दाबून लहान केला जातो, तेव्हा डॉक्युमेंट म्हणून पाठवा. यूट्यूबवर टाकताना फाइलमधल्या खुणांच्या भरवशावर राहू नका. तिथे वर्णनात वेळा लिहाव्या लागतात. पहिली वेळ ०:०० असलीच पाहिजे, किमान तीन वेळा चढत्या क्रमाने, आणि कुठलाही चॅप्टर दहा सेकंदांपेक्षा लहान नको. यातलं एक जरी चुकलं तरी एकही चॅप्टर दिसत नाही, आणि का दिसत नाही हे कुणी सांगत नाही.

आत्याला शेवटी एमफोरबी दिली. उत्तररंग आता "तर मंडळी" या शब्दांवर सुरू होतो. मग तिने विचारलं की गाडीतल्या पेनड्राइव्हवर चॅप्टर का येत नाहीत. काकांच्या गाडीच्या स्टिरिओला चॅप्टर ही चीजच ठाऊक नाही, तिथे कितीही खुणा घातल्या तरी व्यर्थ. तिच्यासाठी पाच तुकडे करून वेगवेगळ्या फाइली दिल्या, नावांच्या आधी ०१, ०२ असे दोन अंकी आकडे घालून, तेही इंग्रजी.